पोटावरची पिशवी आणि घरच्यांची साथ

श्रीरामपूरला आमच्या नात्यातले एक चाचा राहतात. आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांना स्टोमा करावा लागला. म्हणजे आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढले आणि शौच जमा होण्यासाठी तिथे पिशवी लावली. ऑपरेशन चांगले झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण घरी आल्यावर चाचांनी जुम्म्याला जाणे बंद केले. दस्तरखानावर बसणे सोडले, त्यांचे ताट आतल्या खोलीत जाऊ लागले. पाहुणे आले की ते झोपल्याचे सोंग घेत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा चाची दारातच म्हणाल्या, "दुखणं गेलं बेटा, पण माणूस काही परत आला नाही."

आज चाचा पुन्हा मशिदीत दिसतात. मधल्या काही महिन्यांत त्या घराने जे शिकून घेतले, ते आपल्यापैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

एका बहिणीची गोष्ट

चाचांना वाटणारी भीती नवी नाही. 1954 साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसेन या नर्सच्या बहिणीवर, थोरावर, असेच ऑपरेशन झाले. गळती होईल, चारचौघांत शोभा होईल, या धास्तीने थोरा घराबाहेर पडेना. बहिणीची ही अवस्था पाहून एलिसेला कातडीला चिकटणारी प्लास्टिकची पिशवी सुचली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पिशव्यांची सुरुवात तिथून झाली. पिशवीचा शोधच मुळी आजारी माणसाला घराबाहेर काढण्यासाठी लागला आहे!

रोजची काळजी

निरोगी स्टोमा लालसर आणि ओलसर असतो. त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नये.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. पूर्ण भरू दिली तर वजनाने प्लेट सुटते. प्लेट साधारण तीन ते पाच दिवसांनी बदलतात. मात्र खाली खाज किंवा जळजळ जाणवली तर लगेच काढून पाहावी. बदलण्यासाठी सकाळची, पोट रिकामे असतानाची वेळ बरी. भोवतालची कातडी कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. तेल, पावडर, सुगंधी साबण लावू नये, त्याने प्लेट धरत नाही. प्लेटचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून या काळात दर वेळी नव्याने माप घ्यावे. चाचांची कातडी सोलवटली होती, ती जुन्याच मापाने भोक कापत राहिल्यामुळे. लावण्याआधी प्लेट तळहातांत धरून थोडी गरम केली की चांगली चिकटते.

आपल्याकडचा उन्हाळा कडक. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत पिशव्या ठेवल्या तर चिकटपणा जातो. त्या गार, कोरड्या जागी ठेवाव्यात. प्रवासाला निघताना कापून तयार ठेवलेली प्लेट, पिशवी, कापड आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत घ्यावेत, एसटीच्या टपावरच्या सामानात नव्हे. पायजम्याची किंवा सलवारीची नाडी स्टोमावर आवळू नये. सुरुवातीचे काही महिने पाण्याची कळशी, गॅसची टाकी असे जड काही उचलू नये, हर्नियाचा धोका असतो.

खाणेपिणे

सुरुवातीला मऊ भात, खिचडी, केळी, बटाटा असे साधे जेवण ठेवावे. मग एकेक पदार्थ वाढवत जावा. मक्याचे कणीस, शेंगदाणे, ओले खोबरे नीट चावले नाही तर अडकू शकते. कोबी, कांदा, हरभऱ्याने गॅस वाढतो. दावतीला जायचे असेल त्या दिवशी ते टाळले की झाले. दही-ताकाने वास कमी होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

स्टोमा लहान आतड्याचा असेल तर पाणी आणि मीठ शरीरातून जास्त जाते. पाण्यासोबत ओआरएसही लागते. किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. गोळी जशीच्या तशी पिशवीत दिसली तर तेही सांगावे.

नमाज आणि रोजा

चाचांच्या मनातली खरी बोच ही होती, "माझी नमाज होते का?" मौलानांनी समजावले, की ज्याची अडचण अखंड चालू राहते तो शरियतमध्ये माजूर ठरतो. हनफी मतानुसार त्याने नमाजची वेळ सुरू झाल्यावर वुजू करावा. दुसऱ्या कोणत्या कारणाने तुटला नाही तर ती वेळ संपेपर्यंत तो टिकतो. स्टोमाच्या प्रकाराप्रमाणे हुकूम बदलू शकतो, म्हणून आपली परिस्थिती आलिमांना मोकळेपणाने सांगावी. चाचा आता घरून पिशवी रिकामी करून निघतात. सजद्यात पोटावर दाब येतो असे वाटले, तर खुर्चीवर नमाज पढतात.

रोजाबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सूरह बकराच्या 185व्या आयतीत अल्लाहने आजारी माणसाला सवलत दिली आहे. ती नाकारून जीव धोक्यात घालणे ही परहेजगारी नव्हे.

मदत कुठे मिळेल?

स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा पिशवीत काहीच न येता पोट दुखून उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे. आपल्या जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथल्या सर्जरी विभागात विचारता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमाच्या काळजीचे खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स आहेत. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही मुंबईतच आहे.

पिशव्यांचा खर्च दरमहा चालू राहतो. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण फळे नेतो. त्याऐवजी घरच्यांना माप विचारून पिशव्यांचा एक डबा नेला तर? गरजू रुग्णाला जकात आणि सदक्यातूनही हातभार लावता येईल.

चाचांना बाहेर काढले ते मात्र त्यांच्या सात वर्षांच्या नातवाने. एका रात्री तो आपले ताट उचलून आतल्या खोलीत गेला आणि म्हणाला, "दादा, मी पण इथेच जेवणार." दुसऱ्या रात्री चाचा दस्तरखानावर येऊन बसले. कुणी काही विचारले नाही. चाचींनी फक्त भाकरी वाढली.

आपल्याही घरात असे ताट आतल्या खोलीत जात असेल, तर आज ते बाहेर आणू या. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांच्या शेजारी बसण्याची तौफीक देवो. आमीन.