जुना ड्रायर का कण्हतोय?

बालमित्रांनो, कपडे धुण्याचं दोन टाक्यांचं मशीन तुम्ही पाहिलंच असेल. एका टबात कपडे धुतले जातात आणि शेजारच्या अरुंद टबात पिळले जातात. या दुसऱ्या टबाला घरोघरी 'ड्रायर' म्हणतात. खरं तर तो कपडे वाळवत नाही. गरगर फिरून त्यांतलं पाणी बाहेर फेकतो.

असं पंधरा-वीस वर्षांचं म्हातारं मशीन तुमच्याकडे, नाहीतर आजोळी, असेल. म्हातारी माणसं कण्हतात ना, तसे त्याचेही आवाज सुरू होतात. धडधड, घरघर, गूंऽऽ! मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "गेलं वाटतं मशीन!" पण थांबा. आवाज म्हणजे मशीनची तक्रार. ती नीट ऐकली, तर कुठं दुखतंय ते बऱ्याचदा कळतं.

डॉक्टर तरी काय करतात? १८१६ साली पॅरिसमधल्या रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून एका रुग्णाच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म तिथूनच झाला. आपणही वर्तमानपत्राची सुरळी करून मशीनच्या बाहेरून ऐकू शकतो. आवाज वरून येतोय की खालून, एवढं तरी नक्की समजतं.

पण आजार ओळखायचा तर आधी निरोगी आवाज माहीत हवा. ड्रायरचा टब मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेऱ्या मारतो. म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस! या वेगाची ताकद किती असेल, सांगा पाहू? टबाची त्रिज्या १२ सेंटीमीटर धरली, तर १०० ग्रॅमचा ओला मोजा टबाच्या भिंतीवर सुमारे २४ किलो वजनाइतका दाब देतो! म्हणून तर कपडे दोन-चार मिनिटांत पिळून निघतात.

आता एक गंमत बघा. टब सुरू होताना क्षणभर डगमगतो, मग शांत होतो. थांबताना पुन्हा डगमगतो. असं का? टब आणि त्याची मोटर स्प्रिंगांवर उभी असते. झोक्याला जशी स्वतःची लय असते, तशी या स्प्रिंगांनाही असते. टबाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की हेलकावे वाढतात. वेग पुढं गेला की ते ओसरतात. तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची थोडी धडधड म्हणजे आजार नव्हे.

आता तपासणी. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा ऐकायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानं आला ते कळणारच नाही.

१. धडधड थांबतच नाही : मशीन बंद करा. टब पूर्ण थांबल्यावर मोठ्यांना कपडे सारखे पसरून दाबायला सांगा. आतलं छोटं झाकणही बसवा. आवाज गेला? मग दोष फक्त कपडे भरण्यात होता. नाही गेला? आता टब रिकामा फिरवून बघा. तरीही धडधडतोय? मग मशीन फरशीवर डुगडुगतंय का ते पाहा. तेही नसेल, तर खालच्या स्प्रिंगा किंवा त्यांचे रबर थकले असावेत.

२. खुळखुळ : ती फक्त सुरू होताना आणि थांबताना येते का? मग बहुधा टबात नाणं किंवा बटण आहे. पूर्ण वेगात ते भिंतीला चिकटून बसतं, म्हणून गप्प! पण सतत खरखर येत असेल, तर एखादी वस्तू टब आणि बाहेरच्या भिंतीच्या मधे अडकलेली असू शकते.

३. नुसतं गूंऽऽ, टब हलतच नाही : लगेच बटण बंद! मोटर जागच्या जागी अडकली की तापते आणि जळू शकते. कधी एखादा रुमाल फटीत सरकून टब अडवतो, कधी ब्रेक सुटत नाही, तर कधी मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर कमजोर होतो. छताच्या पंख्यातही तो असतो. त्याला हात लावू नका, कारण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते.

४. महिन्या-महिन्याला वाढणारी घरघर आणि खाली पाणी : टबाच्या दांड्याभोवतीचा बुश आणि पाणी अडवणारं सील झिजलं असावं. ते पाणी मोटरवर पडू शकतं. दुरुस्ती होईपर्यंत ड्रायर वापरायचा नाही.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. काही वेळा आवाज न येणं हीच धोक्याची खूण असते! झाकण उघडलं की मोटरची वीज तुटते आणि ब्रेक लागतो. त्याचा बारीक 'किर्र' ऐकू येतो आणि काही सेकंदांत टब थांबतो. जुन्या मशीनमध्ये ब्रेकची वायर तुटते किंवा पट्टी झिजते. मग झाकण उघडल्यावरही टब मुकाट्यानं फिरत राहतो. मशीन शांत आहे म्हणून कुणी कपडा काढायला हात घातला, तर कपड्याचा पीळ बोटांना आवळतो. बोटं मोडू शकतात. म्हणून टब थांबलाय हे कानांनी नाही, डोळ्यांनी पाहायचं. टब थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय, हे ध्यानात आलं तर त्याच दिवशी घरी सांगा. लहान भावंडांना तर मशीनजवळ फिरकूच देऊ नका.

दोस्तांनो, आपण निदान करणारे डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारे नव्हे! मशीनचं पोट उघडणं मेकॅनिकचं काम. आपण एक वही करायची. आवाज कसा, कधी आला, कपडे असताना की टब रिकामा असताना, आणि झाकण उघडल्यावर टब किती सेकंदांत थांबला, हे तारीख घालून लिहायचं. मेकॅनिककाका आले की "काहीतरी वाजतंय" एवढंच सांगण्याऐवजी वही पुढं ठेवा. त्यांचा वेळ वाचेल आणि विनाकारण मोटर बदलण्याचा घरचा खर्चही टळेल.

ड्रायर जमला की छताचा पंखा, मिक्सर, सायकल यांच्याकडेही कान द्या. सायकलचा आवाज पायडल मारताना येतो की नुसती चाकं फिरताना? एवढ्या एका प्रश्नानं अर्धं निदान होतं. कसं ते मात्र तुम्हीच शोधा!