सॅन स्टॉर्मचा क्लच बदलताना

गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९०च्या दशकाच्या अखेरीस काढलेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची, दोनच सीटची देखणी गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. अशी गाडी अंधेरीत रोज चालवली तर क्लचचे हाल ठरलेले. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी सरकवत राहिलं की प्लेट फ्लायव्हीलवर घासते, तापते, झिजते. मग चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही आणि जळका वास येतो.

प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्येही हे जमतं; पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये, सपाट जागेवर भक्कम घोड्या लावाव्यात. बॅटरीची तार आधी सोडवायची, गिअरबॉक्सचं तेल काढायचं, मग ड्राइव्ह शाफ्ट.

खरी कसोटी बसवताना. नवी प्लेट अगदी मधोमध हवी. जराशी सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या खाचांत शिरत नाही. त्यासाठी सेंटरिंगचा दांडा मिळतो, तो घ्यावाच. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. रिलीज बेअरिंगही नवंच टाकावं. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं खोलणं परवडत नाही. आणि आतली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.