दाबाचा काटा आणि अंगणातली दुरुस्ती

धुळे शहरापाशी देशातील दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाणारा, दुसरा सुरतेहून जळगाव-भुसावळमार्गे नागपूरकडे जाणारा. पूर्वी या महामार्गांना अनुक्रमे तीन व सहा असे क्रमांक होते. २०१० साली देशभरातील महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा हेही बदलले. परंतु खानदेशच्या व्यापाराचे गणित आजही याच चौफुलीवर मांडले जाते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळी रेल्वेने उत्तरेकडे जाते, तशीच ती ट्रकनेही जाते. केळी हा माल वाट पाहणारा नव्हे. घड कापल्यापासून त्याचे दिवस मोजलेले असतात आणि वैशाखातल्या उन्हात तर ते अधिकच झपाट्याने सरतात. वाटेत ट्रक बंद पडला, तर बागायतदार, व्यापारी आणि ट्रकमालक या तिघांनाही त्याची झळ पोहोचते.

यांतला ट्रकमालक हा पुष्कळदा एकाच गाडीचा धनी असतो. गाडीवर कर्ज असते, हप्ता ठरलेला असतो आणि चालकाच्या जागेवर अनेकदा तो स्वतःच बसलेला असतो. इंजिनातील तेलाचा दाब दाखविणारा काटा एके दिवशी खाली उतरू लागला, म्हणजे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी लावून चार दिवस थांबणे त्याला परवडत नाही. ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून तो घरच्या अंगणात, निंबाच्या सावलीत इंजिनाला हात घालतो. सुशिक्षित समाज या दृश्याकडे दोन तऱ्हांनी पाहतो. काहींना त्यात अडाणीपणा दिसतो, तर काहींना ‘जुगाडा’चे कौतुक वाटते. वस्तुतः या दोन्ही प्रतिक्रियांत कामाचा विचार नाही. ते काम काय आहे, ते नीट केव्हा होते आणि केव्हा बिघडते, हे पाहिल्यावाचून त्याविषयी मत देणे योग्य ठरणार नाही.

झडपेचे काम

इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. तेथून पंप जाळीतून तेल ओढतो आणि फिल्टरमार्गे ते क्रँकच्या बेरिंगांपर्यंत पोहोचवितो. फिरणारा दांडा व बेरिंग यांच्यामध्ये या तेलाचा केसाहूनही पातळ असा थर असतो आणि त्या थरावरच इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. पंप इंजिनाच्या वेगाबरोबर फिरत असल्याने वेग वाढला की दाबही वाढतो. तो मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वाटेत एक झडप बसविलेली असते. मिस्त्रीलोक तिला प्रेशर व्हॉल्व्ह किंवा रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. लहानसा प्लंजर, त्यामागे स्प्रिंग आणि वर टोपणासारखा बोल्ट, एवढाच तिचा पसारा. दाब ठरलेल्या अंकापलीकडे गेला की प्लंजर मागे सरकतो आणि जादा तेल चेंबरमध्ये परत जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही झडप दाब निर्माण करीत नाही. ती दाबाला वरची मर्यादा घालते. दाब निर्माण होतो तो पंपाने रेटलेल्या तेलाला बेरिंगांच्या अरुंद फटींतून वाट काढावी लागते म्हणून. बेरिंगे झिजून फटी रुंदावल्या, तर झडप कितीही नवी असली तरी दाब टिकणार नाही. उलट झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला, तर ती उघडीच राहते आणि धडधाकट इंजिनातही काटा पडतो. झडप बंद अवस्थेत अडकून बसली, तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना दाब बेसुमार वाढतो आणि फिल्टरचे पॅकिंग फुटून तेल बाहेर येते.

म्हणूनच ही झडप बदलण्याचा खरा प्रश्न हाताच्या कौशल्याइतकाच निदानाचा असतो. अनुभवी मिस्त्री पान्याला हात लावण्यापूर्वी तेलाची काठी काढून पाहतो. तेल कमी आहे काय, त्यात डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे काय, ते योग्य ग्रेडचे आहे काय, फिल्टर केव्हा बदलला, हे तो आधी विचारतो. नंतर तो गाडीच्या काट्यावर विसंबून न राहता दुसरा गेज जोडून दाब मोजतो. कारण पुष्कळदा इंजिन ठीक असते आणि दोष काट्यात किंवा त्याच्या वायरीत असतो. थंड इंजिनात दाब चांगला, पण गरम झाल्यावर मंद वेगात तो कोसळतो आणि रेस दिली की पुन्हा चढतो, असे आढळले तर संशय बेरिंगांवर जातो. रेस वाढविल्यावर दाब उलट घटू लागला, तर चेंबरमधली जाळी तुंबलेली असण्याचा संभव असतो. मंद वेगात दाब ठीक, पण वेग कितीही वाढविला तरी तो एका खालच्या अंकावरच अडून राहतो, असे दिसले तर स्प्रिंग दुबळी झाल्याचा संशय रास्त ठरतो. हे तर्कशास्त्र वर्गात शिकविल्या जाणाऱ्या कोणत्याही तर्कशास्त्राहून कमी प्रतीचे नाही.

वॉशरचा मोह

निदान टाळण्याची एक सोपी युक्ती या धंद्यात जुनी आहे. स्प्रिंगच्या मागे एक-दोन वॉशर घालावयाचे, म्हणजे स्प्रिंग अधिक दाबली जाते, झडप उशिरा उघडते आणि चालत्या गाडीत काटा वर चढतो. मालकाला समाधान वाटते आणि मिस्त्रीला मजुरी मिळते. काही इंजिनांत निर्मात्यानेच अशा पातळ चकत्यांची सोय केलेली असते आणि त्यांची मर्यादाही सांगितलेली असते. तेथे त्या वापरणे गैर नाही. परंतु झिजलेल्या बेरिंगांवर हा उपाय करणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून केवळ काट्याचे समाधान करणे होय. कारण गरम इंजिनात मंद वेगाला दाब आधीच मर्यादेच्या खाली असतो, झडप बंदच असते आणि बंद झडपेमागे वॉशर घालून काहीही साधत नाही.

याचा हिशेब घाटात चुकता होतो. शिरपूर सोडून पळासनेरच्या पुढे बिजासनचा घाट चढताना, किंवा साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारीच्या चढावर, भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये रखडत असतो. इंजिनावर सर्वाधिक भार, तेल सर्वाधिक तापलेले आणि म्हणूनच सर्वाधिक पातळ. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, हेही विसरता येत नाही. अशा वेळी बेरिंग पकडते, क्रँक खराब होते आणि अंगणात भागले असते त्याच्या कितीतरी पट खर्च रस्त्यावर करावा लागतो. वेळीच बेरिंगे बदलली असती तर वाचलेले इंजिन काट्याच्या खोट्या दिलाशाने गमावले जाते.

अंगणाच्या मर्यादा

तेव्हा हे काम घरी करावे की करू नये? झडप कोठे बसविली आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. इंजिनाच्या बाजूला किंवा फिल्टरच्या डोक्यात ती असेल, तर बाहेरून बोल्ट काढून हे काम घरी होऊ शकते. ती पंपातच असेल, तर चेंबर उतरवावे लागते आणि ट्रकखाली जावे लागते. तेव्हा केवळ जॅकवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ होय. सपाट, टणक जमीन, चाकांना अडण्या आणि भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार एवढी व्यवस्था नसेल, तर अंगणाचा हट्ट सोडावा हेच श्रेयस्कर.

काम घरी करावयाचे ठरले, तर त्यातले अर्धे यश स्वच्छतेत आहे. इंजिन थंड झाल्यावर बोल्टाभोवतीची धूळ ब्रशने व डिझेलने आधी धुऊन काढावी लागते. कारण खानदेशच्या रस्त्यांवरील त्या धुळीचा एक कण आत गेला, तर नवी झडपही जुनीसारखीच अडकेल. बोल्ट सैल करताना स्प्रिंग उसळून हरवू नये, सुट्या भागांचा क्रम चुकू नये, जुन्या स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून पाहावी, तेल लावलेला प्लंजर आपल्या वजनाने छिद्रात अलगद उतरावा, तांब्याचे वॉशर नवे घालावे, बोल्ट सांगितल्याहून अधिक आवळू नये, या साऱ्या गोष्टी लहान दिसतात. पण दुरुस्तीचे बरेवाईट त्यांवरच ठरते. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात डिझेल बंद ठेवून ते स्टार्टरवर फिरवावे आणि गेजवर दाब दिसल्यानंतरच ते सुरू करावे, हा नियमही घाईत विसरला जातो.

काढलेल्या तेलाचा प्रश्न मात्र घरचा राहत नाही. ते नाल्यात वा बांधावर ओतणे ही सर्रास आढळणारी सवय होय. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ सालच्या नियमांनी ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जाणे बंधनकारक आहे. ज्या प्रदेशात बागाईत विहिरींच्या पाण्यावर जगते, तेथे हा नियम कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शाळेतले आणि गॅरेजमधले ज्ञान

या साऱ्या विवेचनातून शिक्षणाशी निगडित असा एक प्रश्न उभा राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा पाया घालणारी कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ साली आला. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी अशा संस्था आहेत. तरीही गॅरेजमधला मुलगा आजही बहुधा उस्तादाच्या हाताकडे पाहूनच शिकतो. उस्तादाने वॉशर घातला तर तोही वॉशर घालतो. का घालू नये, हे त्याला कोणी सांगत नाही. दुसरीकडे झडपेची आकृती परीक्षेत बिनचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याने तिची तेलकट स्प्रिंग हातात धरलेली असतेच असे नाही. एकाकडे कारण नाही, दुसऱ्याकडे सवय नाही.

या दोहोंना जोडणारे साधन म्हणजे मराठीत लिहिलेली साधी दुरुस्ती-पुस्तिका. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली आणि पुढे शास्त्रांचे परिभाषाकोश तयार झाले, ही मोलाची कामगिरी होय. परंतु गॅरेजसाठी नव्या शब्दांची टाकसाळ उघडण्याची आवश्यकता नाही. चेंबर, प्लंजर, बेरिंग, पाना, रेस हे शब्द कारागिरांनी केव्हाच मराठीत रुजविले आहेत. त्याच शब्दांत, मोजमापांसह आणि कारणांसह लिहिलेली चार पाने चौफुलीवरच्या मुलाला अधिक उपयोगी पडतील. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे. निर्मात्यांनी माहिती खुली करावी, हा विचार स्वागतार्हच आहे. मात्र ती माहिती ट्रकमालकाला वाचता येईल अशा भाषेत मिळाली, तरच त्या हक्काला अर्थ प्राप्त होईल.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नव्या प्रदूषण-मानकांनंतर ट्रकच्या इंजिनांत संवेदकांची व संगणकाची गर्दी वाढली आहे. अशा इंजिनाला अंगणात हात घालणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार, हे उघड आहे. तथापि जुने ट्रक अजून पुष्कळ वर्षे या रस्त्यांवर धावतील आणि नव्या इंजिनातही बेरिंग तेलाच्या थरावरच तरंगत राहील. धोक्याचा दिवा लागल्यावर आधी कारण शोधावे, नंतर भाग बदलावा, ही शिस्त दोन्ही काळांत सारखीच लागू आहे. ती शिस्त उस्तादाच्या हातातून कागदावर आणि कागदावरून पुढच्या पिढीच्या हातात कशी जाईल, याचा विचार शिक्षण खात्याने आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी मिळून करावयास हवा.