विश्लेषण : कुंपणच शेत खाऊ लागले तर? तपास यंत्रणांवर नजर कोण ठेवणार?

भ्रष्टाचार पकडण्यासाठी नेमलेला अधिकारीच लाच घेताना पकडला जातो, तेव्हा बातमी एक-दोन दिवस चालते आणि विसरली जाते. मात्र अशा प्रकरणांतून मोठा प्रश्न पुढे येतो. सीबीआय, ईडी, लोकायुक्त किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग यांच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची? आणि ज्यांच्याकडे ती आहे, त्यांच्या हातात नेमके किती अधिकार आहेत?

मध्य प्रदेशात काय घडले?

मध्य प्रदेशात अनेक नर्सिंग महाविद्यालये केवळ कागदावर चालत असल्याचा आरोप करणाऱ्या याचिका उच्च न्यायालयात दाखल झाल्या होत्या. इमारत नाही, रुग्णालय नाही, एकच शिक्षक अनेक महाविद्यालयांच्या यादीत, असे आक्षेप होते. राज्याच्या यंत्रणेवर विसंबून न राहता न्यायालयाने तपासणीचे काम सीबीआयकडे सोपवले. सीबीआय अधिकारी, नर्सिंग क्षेत्रातील जाणकार आणि तलाठ्याच्या दर्जाचे पटवारी अशी पथके नेमण्यात आली.

या पथकांनी ३०८ महाविद्यालयांची तपासणी केली. त्यांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अयोग्य ठरली. त्यानंतर मे २०२४ मध्ये सीबीआयच्याच पथकाने भोपाळमध्ये आपल्याच एका निरीक्षकाला १० लाख रुपयांची लाच घेताना अटक केली. अनुकूल अहवालासाठी महाविद्यालयांकडून प्रत्येकी २ ते १० लाख रुपये घेतले जात होते, असा सीबीआयचा आरोप आहे. गुन्ह्यात तपासणीशी संबंधित चार अधिकाऱ्यांची नावे होती. त्यांपैकी काही राज्य पोलिसांतून सीबीआयकडे आलेले होते. अटक झालेल्या निरीक्षकाला काही दिवसांतच बडतर्फ करण्यात आले. याच निरीक्षकाला आदल्या वर्षी उत्कृष्ट तपासाबद्दल केंद्रीय गृहमंत्र्यांचे पदक मिळाले होते.

याचा फटका कोणाला?

दोन्ही बाजूंनी विद्यार्थ्यांनाच. प्रकरण न्यायालयात असताना परीक्षा रखडल्या आणि हजारो विद्यार्थ्यांची वर्षे वाया गेली. ज्या महाविद्यालयात खाटाच नाहीत, तिथे शिकलेली परिचारिका उद्या अतिदक्षता विभागात उभी राहणार, हा धोका वेगळाच. शिवाय ‘योग्य’ ठरलेल्या १६९ महाविद्यालयांपैकी खरोखर योग्य कोणती, हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. म्हणजे प्रामाणिकपणे चालणाऱ्या महाविद्यालयाचे प्रमाणपत्रही संशयात सापडले. पहारेकऱ्याने लाच घेतली की त्याने आधी केलेले सगळे काम पुन्हा तपासावे लागते, ही या भ्रष्टाचाराची खरी किंमत आहे.

वरिष्ठ पातळीवर काय स्थिती आहे?

ऑक्टोबर २०१८ मध्ये सीबीआयने स्वतःचेच विशेष संचालक राकेश अस्थाना यांच्यावर लाचखोरीचा गुन्हा नोंदवला. अस्थाना यांनी त्याआधीच तत्कालीन संचालक आलोक वर्मा यांच्याविरुद्ध कॅबिनेट सचिवांकडे तक्रार केली होती. २३ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर सरकारने दोघांनाही सक्तीच्या रजेवर पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी वर्मा यांच्याबाबतचा निर्णय रद्द केला. मात्र दोनच दिवसांत पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने २ विरुद्ध १ मतांनी त्यांना पदावरून दूर केले. अस्थाना यांना २०२० मध्ये सीबीआयनेच निर्दोष ठरवले.

इथे तक्रार, तपास आणि निष्कर्ष हे सगळे एकाच इमारतीत घडले. निष्कर्ष बरोबर असो वा चूक, बाहेरच्या माणसाला तो पडताळून पाहण्याची सोय नव्हती.

सीबीआयवर देखरेख कोणाची?

सीबीआयची स्थापना १ एप्रिल १९६३ रोजी झाली ती सरकारी ठरावाने. तिला अधिकार मिळतात ते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून. प्रशासकीय नियंत्रण केंद्राच्या कार्मिक विभागाचे, तर भ्रष्टाचाराच्या प्रकरणांपुरती देखरेख केंद्रीय दक्षता आयोगाची.

संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाला २००३ मध्ये कायद्याचा दर्जा मिळाला. पण आयोग सल्ला देतो, तो मानणे संबंधित खात्यावर बंधनकारक नाही. आयोगाची नेमणूकही वादातून सुटलेली नाही. दक्षता आयुक्तपदी पी. जे. थॉमस यांची झालेली नियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये रद्द केली. पामोलिन प्रकरणातील प्रलंबित खटल्याचा विचार निवड समितीने केलाच नाही, असा ठपका होता.

लोकपालाचे काय?

लोकपाल कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला, पण पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष यांची नियुक्ती व्हायला मार्च २०१९ उजाडले. ते मे २०२२ मध्ये निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ अध्यक्षपद रिकामेच राहिले. न्या. अजय खानविलकर यांची नियुक्ती झाली ती २०२४ मध्ये. लोकपाल तपासाचे आदेश देऊ शकतो, पण प्रत्यक्ष तपासासाठी त्याला बहुतेक वेळा सीबीआयकडेच जावे लागते. सात वर्षांपेक्षा जुन्या आरोपांची तक्रार लोकपालाकडे करता येत नाही.

परवानगीचे कुलूप कोणते?

केंद्रातील बड्या अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केली. २००३ मध्ये ती कायद्यातून परत आली. २०१४ मध्ये घटनापीठाने तीही रद्द केली. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आले आणि या वेळी अट सगळ्याच लोकसेवकांना लागू झाली. अधिकाऱ्याने कामकाजात घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करायची तर आधी सरकारची मंजुरी हवी. ती तीन महिन्यांत द्यायची असून आणखी एक महिना वाढवता येतो.

यामागचा युक्तिवाद असा की, प्रामाणिक अधिकाऱ्याला प्रत्येक सहीनंतर चौकशीची भीती वाटू नये. तो अगदीच चुकीचा नाही. मात्र लाच घेताना रंगेहाथ पकडण्यासाठी ही परवानगी लागत नाही. त्यामुळे हजार-दोन हजार घेणारा कर्मचारी सापळ्यात सहज सापडतो. फाईलवरच्या एका शेऱ्यातून कोट्यवधींचा फायदा करून देणाऱ्यापर्यंत पोहोचताना यंत्रणेला दार ठोठावून थांबावे लागते. खटला भरण्यासाठी कलम १९ खाली पुन्हा वेगळी मंजुरी लागते.

याशिवाय राज्यात तपास करायला सीबीआयला त्या राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा दिली. दोन वर्षांत कायदा बदलला नव्हता, सत्ताधारी बदलले होते.

अधिकार वाढवले तर प्रश्न सुटेल?

कर्नाटकचा अनुभव सावध करणारा आहे. तिथल्या लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलीस होते. न्या. संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणींवरील अहवालानंतर २०११ मध्ये मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले. देशातील सर्वांत ताकदवान लोकायुक्त अशी त्या कार्यालयाची ख्याती झाली.

चारच वर्षांनी चित्र पालटले. धाडीची भीती दाखवून अधिकाऱ्यांकडून पैसे मागितल्याच्या आरोपावरून तत्कालीन लोकायुक्त न्या. वाय. भास्कर राव यांच्या मुलाला जुलै २०१५ मध्ये अटक झाली. लोकायुक्तांना हटवण्याची प्रक्रिया विधिमंडळातून जाणारी आणि किचकट. राव यांनी राजीनामा दिला तो डिसेंबरमध्ये. पुढच्या वर्षी राज्य सरकारने लोकायुक्तांचे पोलिसी अधिकार काढून स्वतंत्र एसीबी स्थापन केला, जो सरकारच्याच हाताखाली होता. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो एसीबी रद्द केला आणि प्रकरणे पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आली.

महाराष्ट्रात काय परिस्थिती?

लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्ये करून महाराष्ट्राने देशात आघाडी घेतली, पण त्या कायद्याने लोकायुक्तांना शिफारशीपलीकडे फारसे काही दिले नाही. नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने वर्षभराने मंजूर केले. त्यात मुख्यमंत्रीही कक्षेत आले, मात्र त्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल. सापळे रचणारा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृह विभागाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे ज्या सरकारचे अधिकारी तपासायचे, त्याच सरकारकडे बदल्या आणि बढत्या. नागरिकांसाठी १०६४ हा टोल फ्री क्रमांक उपलब्ध आहे.

मग उपाय काय?

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मे २०२४ च्या अखेरीस दिलेला आदेश इथे उपयोगी ठरतो. न्यायालयाने सीबीआयकडून काम काढून घेतले नाही. ‘योग्य’ ठरलेल्या १६९ महाविद्यालयांची पुन्हा तपासणी करायला सांगितले, पण या वेळी न्यायिक अधिकारी सोबत असतील आणि चित्रीकरण होईल, अशी अट घातली.

म्हणजे सगळा भरवसा एका माणसाच्या सहीवर ठेवायचा नाही. तपासणारा एक, पाहणारा दुसरा आणि नंतर पडताळता येईल अशी नोंद तिसरी. यासाठी नवी संस्था किंवा नवा कायदा लागला नाही. पहारेकरी प्रामाणिक आहे, एवढ्यावर व्यवस्था उभी करता येत नाही. तो प्रामाणिक नसला तरी लवकर लक्षात येईल, अशी सोय आधीच करावी लागते.