परदेशी घडीचा चाकू : त्याची किंमत व त्याचा गुण

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीच्या दिवशीं बियाण्याच्या गोणीची शिवण उसविण्याचा प्रसंग आला. दोन सभासदांनीं एकाच वेळीं आपापले चाकू पुढें केले. एकाचा चाकू चकचकीत, सहा पात्यांचा, कातरी व बूच काढण्याचें मळसूत्र यांसह. दुसऱ्याचा साध्या लांकडी मुठीचा, एकाच काळवंडलेल्या पात्याचा. पहिल्या चाकूनें सुतळी नुसती पिंजली. दुसऱ्यानें ती एका ओढींत कापली. तेवढ्यावरून ओसरीवर जो वाद जुंपला तो चहा निवेपर्यंत मिटला नाहीं. एक पक्ष म्हणे, परदेशी चाकू म्हणजे मिरविण्याची वस्तु. दुसरा म्हणे, परदेशी तेवढें सारें उत्तम. वस्तुतः ते दोन्ही चाकू परदेशीच होते, हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. संपादकांनीं हा वाद लिहून काढण्याचें काम मजवर सोंपविलें आहे.

माझें बहुतेक आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेथें चाकूचें काम म्हणजे पेन्सिलीस टोंक करणें व कागदांच्या गठ्ठ्याची सुतळी कापणें. त्यास कोणताहि चाकू चालतो. चार वर्षांपूर्वीं मुदतीआधींच सेवानिवृत्त होऊन घरच्या जमिनीकडे वळलों, आणि पहिल्याच पावसाळ्यांत आंब्याचीं साठ कोयकलमें बांधलीं. चाकू जत्रेंतून घेतलेला, नवाकोरा. काडीस तिरपा काप देतांना तो सरळ न उतरतां ठेचल्यासारखा होई. मला वाटे, आपला हात नवा आहे. साठांपैकीं नऊ कलमें जगलीं. त्या वर्षीं पाऊस अवेळीं लागला होता, व हाताचा दोष होताच. सारें खापर चाकूवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु शेजारच्या अनुभवी बागाइतदारांनीं भिंगाखालीं त्या चाकूची धार मला दाखविली, तेव्हां ती जागोजाग वळलेली व दांतेरी दिसली. काडी व खुंट यांच्या सालीआड जो कोंवळा वाढीचा थर असतो तो एकमेकांस भिडल्यावांचून कलम सांधत नाहीं. काप सपाट नसला कीं मध्यें पोकळी राहते. मग वरून पट्टी कितीहि घट्ट बांधा, काडी वाळतेच. माझ्या एकावन्न कोयी, चांगल्या झाडाच्या तितक्याच निवडक काड्या आणि एक हंगाम फुकट गेला. चाकूचे पैसे त्यापुढें कांहींच नव्हेत.

त्याच गृहस्थांनीं पुढील वर्षीं आपला चाकू मला वापरावयास दिला. तो फ्रान्स देशांतील ओपिनेल नांवाचा होता. पुढें मींहि तसाच एक मागविला, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों.

फ्रान्सच्या पूर्वेस, इटलीच्या सीमेला लागून साव्हॉय हा डोंगराळ प्रांत आहे. तेथील सँ-झाँ-द-मोरिएन या गांवाजवळच्या एका वाडींत ओपिनेल घराणें कुऱ्हाडी, कोयते व छाटणीच्या सुऱ्या घडवीत असे. त्या घरांतील जोझेफ ओपिनेल यानें १८९० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, आसपासच्या शेतकऱ्यांच्या खिशांत मावेल असा हा चाकू केला. १८९७ सालीं त्यानें १ ते १२ अशा क्रमांकांनीं बारा आकार ठरविले. पैकीं १ व ११ हे १९३५ सालीं बंद झाले. पात्यावर मुकुट असलेल्या हाताचें चिन्ह असतें. हात त्या गांवाच्या मुद्रेवरचा, मुकुट साव्हॉयच्या जुन्या राजघराण्याचा. १९५५ सालीं त्याच कुटुंबांतील मार्सेल ओपिनेल यानें मुठीच्या तोंडाशीं एक फिरतें कडें बसविलें. तें जरा फिरविलें कीं उघडें पातें बोटांवर मिटत नाहीं.

आतां या चाकूंत पैसा कोठें वांचविला व कोठें घातला, हें पाहावें. मूठ म्हणजे बीच झाडाच्या लांकडाचा कांतलेला एक तुकडा. पितळी टोप्या नाहींत, आंत कमान नाहीं, शिंगाचें अगर शिंपल्याचें जडावकाम नाहीं. पातें, मूठ, एक खिळा व दोन कडीं, असे सारे पांच भाग. पण पातें पाहा. तें पाठीकडेहि पातळ, आणि त्याचें पोलाद शेंकडा सुमारें ०.९ कर्बाचें असून त्यास पाणी व्यवस्थित दिलेलें असतें. क्रमांक ८ चें पातें साडेआठ सेंटिमीटरांचें. साऱ्या चाकूचें वजन पन्नास ग्रॅमच्या आंत. फ्रान्सांत हा सुमारें दहा ते पंधरा युरोंस मिळतो. येथें येईपर्यंत वाहतूक, जकात व दुकानदाराचा नफा मिळून किंमत बरीच चढते. जत्रेंतील चाकूंत नेमकें उलट असतें. तेथें सहा पातीं, कातरी व चकाकी यांवर खर्च होऊन पोलादास कांहीं उरत नाहीं.

हीच काटकसर इतर देशांच्या जुन्या धाटणीच्या चाकूंतहि दिसते. जर्मनींतील झोलिंगेन गांवचा मर्केटर हा काळ्या पत्र्याच्या दुमडलेल्या मुठीचा चाकू त्याच जातीचा. जपानांत ह्योगो प्रांतांतील मिकी गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिगोनोकामी नांवाचा चाकू निघाला. त्याची मूठ म्हणजे पितळी किंवा लोखंडी पत्र्याची नुसती घडी. त्यास कडें नाहीं, कमान नाहीं. पात्याच्या शेपटीवर आंगठा दाबून तें उघडें धरावें लागतें. जपानी शाळकरी पोरें त्यानें पेन्सिलींना टोंक करीत. १९६० सालीं आसानुमा या पुढाऱ्यांचा भर सभेंत भोसकून खून झाला, आणि मुलांच्या हातांतून चाकू काढून घेण्याची चळवळ तेथें सुरू झाली. पुष्कळ कारखाने त्यापुढें बसले. आज त्या नांवाचा हक्क बजावणारा एकच कारखाना मिकींत उरला आहे.

परदेशी नांवावर विसंबणाऱ्या पक्षास मात्र एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी अमदानींत आपल्याकडे शेफील्डच्या चाकूंचा मोठा दबदबा होता. जोझेफ रॉजर्स यांचा तारा व क्रूस पाहून लोक डोळे मिटून पैसे मोजीत. तेव्हां जर्मनींतून येणाऱ्या हलक्या मालावर शेफील्डचें नांव ठोकलेलें असे, अशी तेथील कारागिरांची तक्रार होती. १८८७ सालीं विलायतेंत व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, व १८८९ सालीं त्याच धर्तीवर हिंदुस्थानांतहि झाला. परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालण्याची सक्ति आली ती माल हलका आहे हें गिऱ्हाइकास कळावें म्हणून. पण झोलिंगेनकरांनीं काम इतकें सुधारलें कीं जर्मनीचें नांव हीच पुढें गुणाची ग्वाही ठरली, आणि १९३८ सालीं झोलिंगेन हें नांवच नकलांपासून राखण्यासाठीं तेथें कायदा करावा लागला. दप्तरांत आम्हीं अशीं प्रकरणें पुष्कळ पाहिलीं. सातबाऱ्यावर नोंद एकाची आणि जागेवर वहिवाट दुसऱ्याची! पात्यावरील शिक्का ही नोंद समजावी, आणि पंचनामा स्वतः करावा.

तो असा. चाकू मिटून उजेडाकडे धरावा. पातें मुठीच्या खांचेंत मधोमध बसलें पाहिजे, एका बाजूस घासतां कामा नये. उघडून पात्याचें टोंक चिमटींत धरून आडवें हलवावें. खिळ्याशीं खुळखुळ लागली तर तो चाकू खालीं ठेवावा, कारण ती पुढें वाढतच जाते. मग धार आंगठ्याच्या नखावर अगदीं आडवी टेकून हलकेंच दाबावी. चांगली धार किंचित् लवते व पूर्ववत् होते. मऊ पोलादाची वळून तशीच राहते, आणि फाजील कठीण पोलादाचा टवका उडतो. शेवटची परीक्षा घरीं करावयाची. निसण्यावर धार लावून काथ्याच्या सुतळीचे वीस-पंचवीस तुकडे कापावे, आणि नंतर त्याच धारेनें कागद कापून पाहावा. नव्या चाकूची दुकानांतली धार कोणीहि लावून देईल. विसाव्या तुकड्यानंतर जी उरते तीच पोलादाची. दुकानदार नाखूष असला तरी पहिल्या तीन परीक्षा दुकानांतच कराव्या.

साध्या पोलादाच्या पात्याचा एक जाच आहे, तो लपवीत नाहीं. त्यास गंज चढतो. कैरी, लिंबू अगर कांदा कापला कीं तें काळें पडतें. तो काळेपणा निरुपद्रवी असून उलट पात्यास थोडें संरक्षणच देतो. तांबडें दिसेल तो गंज. गेल्या आषाढांत मीं ओला चाकू तसाच सदऱ्याच्या खिशांत ठेवून तीन दिवस विसरलों, आणि पात्यावर खळगे पडले, दोष माझाच. काम झालें कीं पुसून कोरडा करावा व पात्यास खोबरेलाचा हात फिरवावा. जवसाचें तेल पात्यास लावूं नये, तें सुकून चिकट होतें. मुठीच्या लांकडास मात्र तेंच हितकर. पावसाळ्यांत लांकडी मूठ फुगून पातें आवळून धरते. साव्हॉयचे लोक अशा वेळीं मुठीचें मागचें टोंक टेबलावर ठोकतात, कीं पातें नखानें धरण्याइतकें बाहेर येतें. ज्यांना एवढी निगा राखणें जमणार नाहीं त्यांनीं, विशेषतः कोंकणपट्टींतील बंधूंनीं, क्रोमियम मिसळलेल्या न गंजणाऱ्या पोलादाचा प्रकार घ्यावा. त्यास धार लावतांना निसण्यावर थोडा अधिक वेळ मोडतो एवढेंच. एका झाडाचा रोग दुसऱ्यास जाऊं नये म्हणून कांहींजण पातें दिव्यावर धरतात. तें करूं नये. निळी झांक आली कीं पोलादाचें पाणी उतरलें. स्पिरिटचा बोळा पुरतो.

हा चाकू कोणत्या कामाचा नाहीं, हेंहि सांगतों. यानें फांदी तोडूं नये, डबा उचकटूं नये, पाठीवर दगड ठोकूं नये. पातळपणा हाच त्याचा गुण आणि तीच त्याची मर्यादा. ऊस व झुडपें यांस गांवच्या लोहाराचा कोयता शंभरपट बरा. रोज शेंकड्यांनीं कलमें बांधणाऱ्यांनीं एकाच बाजूनें धार असलेला खास कलमी चाकू घ्यावा. कायद्याविषयींहि दोघांनीं विचारलें होतें. १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे नियम यांप्रमाणें नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें शस्त्रांत मोडतात, व शेतीच्या किंवा घरगुती कामासाठीं घडविलेलीं त्यांतून वगळलीं आहेत. तथापि सणावारीं वा निवडणुकींत पोलिसांचा शस्त्रबंदीचा हुकूम असतो. त्या दिवसांत चाकू बाजारांत न नेतां शेतांतच ठेवावा.

गेल्या महिन्यांत मीं माझा चाकू आमच्या गांवच्या लोहारांस दाखविला. त्यांनीं तो उघडला, मिटला, पात्यावर नख वाजवून पाहिलें आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पातें मी देतों, मूठ सुतार देईल. हें कडें तेवढें आपल्या भात्यावर व्हायचें नाहीं." कडें सोडा, जपानी तऱ्हेची शेपटी ठेवा, असें मीं सुचविलें. ट्रकच्या कमानपाट्यापासून त्यांनीं दोन पातीं घडविलीं. पहिलें इतकें कठीण झालें कीं निसण्यावरच टवका उडाला. दुसऱ्यास पाणी दिल्यावर तें पुन्हां मंद आंचेवर गवताच्या काडीसारखा पिवळट रंग येईपर्यंत तापविलें. त्यानें सुतळीचे पंचवीस तुकडे कापून कागदहि कापला. मजुरी त्यांनीं परदेशी चाकूच्या चौथाईहून कमी घेतली. येत्या पावसाळ्यांत चाळीस कोयकलमें बांधणार आहें, वीस फ्रेंच चाकूनें व वीस या चाकूनें, एकाच झाडाच्या काड्या घेऊन. किती जगलीं तें दिवाळीनंतरच्या अंकांत कळवीन.