चकाकी आणि तिची किंमत

दरवर्षी 14 जानेवारीस पानिपतजवळील काला अंब येथे मराठी माणसांची गर्दी होते. 1761 साली त्याच दिवशी झालेल्या संग्रामातील वीरांना अभिवादन करण्यासाठी महाराष्ट्रातून, तसेच हरियाणातील रोड मराठा समाजातून लोक येथे येतात. विटांच्या स्मृतिस्तंभासमोर नतमस्तक होऊन बाहेर पडावे, तो समोर अगदी आजच्या काळातले दृश्य असते. एमएच 12, एमएच 09 अशा क्रमांकांच्या मोटारी ओळीने उभ्या असतात. पुण्याहून येथवरच्या सुमारे दीड हजार किलोमीटरची धूळ आणि पहाटेच्या धुक्याचा ओलावा यांचा राखाडी लेप त्यांच्यावर चढलेला असतो, आणि कोणीतरी हातात कोरडे फडके घेऊन बॉनेट पुसत असतो. मोटारीच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान नेमके याच क्षणी होते. डिकीत ठेवलेली पॉलिशची डबी तीनशे रुपयांची असो वा तीन हजारांची, ती येथे उपयोगी पडत नाही.

असे का, हे समजण्यासाठी रंगाची रचना पाहावी लागेल. आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर प्रथम प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. या वरच्या थराची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. मोटारीची चकाकी ती हीच. धुळीतील वाळूचे बारीक कण फडक्याखाली घासले गेले की या थरावर सूक्ष्म ओरखडे उठतात, आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलये दिसू लागतात. ती घालविण्यासाठी कंपाउंड लावून मशीन फिरविले जाते, तेव्हा प्रत्यक्षात क्लिअर कोटच थोडा झिजविला जातो. हे भांडवल खर्चून टाकण्यासारखे आहे. एकदा झिजलेला थर कोणतेही मेण परत आणून देत नाही. काही स्वस्त, आणि काही महागडीही, पॉलिशे ओरखडे काढतच नाहीत, तेलकट द्रव्याने ते केवळ भरून टाकतात. दोन-तीन धुण्यांनंतर वलये पुन्हा हजर होतात.

मग महाग आणि स्वस्त यांत फरक कोठे पडतो? प्रथम शाम्पू घेऊ. त्याचे काम दोनच गोष्टींचे: मळ सोडविणे आणि हात फिरताना पृष्ठभाग बुळबुळीत ठेवणे. कपड्यांचा साबणचुरा मळ काढतो. परंतु तो अल्कधर्मी असल्याने आधी लावलेले मेणही घालवितो. म्हणून मोटारीसाठी बनविलेला शाम्पू घ्यावा हे खरे, मात्र त्यातील उंची व साध्या प्रकारांचा हिशेब छापील किमतीवर करू नये. उदाहरणादाखल, 250 रुपयांच्या अर्धा लिटरच्या बाटलीतून दर धुण्यास 50 मिलिलिटर लागत असेल, तर 10 धुणी होतात व प्रत्येकी 25 रुपये पडतात. 600 रुपयांची तेवढीच बाटली दाट असून 15 मिलिलिटर पुरत असेल, तर 33 धुणी होतात व खर्च सुमारे 18 रुपयांवर येतो. येथे महाग तेच स्वस्त ठरले.

मेणाच्या बाबतीत हिशेब बहुधा उलटतो. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण हे नैसर्गिक मेणांत सर्वांत कठीण मानले जाते. बुटांच्या पॉलिशमध्ये आणि गोळ्या-चॉकलेटांच्या चकचकीत आवरणातही तेच असते. उन्हापावसात त्याचा थर काही आठवडे टिकतो, डबी कितीही देखणी असली तरी. समजा, 500 व 3,000 रुपयांच्या दोन डब्यांतून प्रत्येकी 15 वेळा मेण लावता आले, आणि पहिले सहा, तर दुसरे आठ आठवडे टिकले. पहिल्याचा खर्च आठवड्यास साडेपाच रुपये, दुसऱ्याचा पंचवीस. उरलेले साडेएकोणीस रुपये सुवासाचे आणि डबीचे! हौसेला मोल नसते, हे मान्य. पण ती हौस आहे, संरक्षण नव्हे, एवढे ठाऊक असावे. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट मेणाहून अधिक, म्हणजे काही महिने टिकतात, आणि ते मध्यम किमतीतही मिळतात.

सिरॅमिक कोटिंग हा आज सर्वांत खर्चिक आणि सर्वांत गैरसमज असलेला प्रकार. सिलिकायुक्त द्रव पृष्ठभागास घट्ट चिकटून कठीण थर बनवितो. तो मेणाच्या कितीतरी पट टिकतो व मोटार धुणे सोपे करतो, यात शंका नाही. परंतु जाहिरातीतील ‘9एच’ हा आकडा पेन्सिलने ओरखडा काढण्याच्या चाचणीतील आहे. खनिजांच्या कठीणपणाशी त्याचा संबंध नाही. काही मायक्रॉनांचा हा थर महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा अडवू शकत नाही. ते काम शेदोनशे मायक्रॉन जाडीच्या पॉलियुरेथेन फिल्मचे. पाण्याचे टपोरे थेंब उभे राहणे हाही संरक्षणाचा पुरावा मानू नये; पाणी जड असेल तर तेच थेंब वाळून पांढरे डाग पाडतात. कोटिंगच्या बिलातील मोठा वाटा बाटलीचा नसतो, तो आधीच्या धुण्याचा, पॉलिशचा व कारागिराच्या कौशल्याचा असतो. पैसे द्यायचे ते तेथे.

चार पैसे अधिक खर्चावेत अशी जागा आणखी एक आहे, ती म्हणजे कापड. पानिपत हे जगभरातील जुन्या कपड्यांपासून सूत व ब्लँकेटे बनविणारे मोठे केंद्र आहे. अशा जुन्या कपड्यांच्या चिंध्या यंत्रावरचे तेल पुसण्यास उत्तम. पण त्यांतील जाड शिवण, राहून गेलेले बटण अथवा अडकलेला खडा क्लिअर कोटवर रेघ ओढतो. पॉलिएस्टर व पॉलिअमाइडच्या अतिसूक्ष्म धाग्यांचे, कडा मऊ असलेले मायक्रोफायबर धूळ आपल्या धाग्यांत उचलून घेते. त्यासोबत दोन बादल्या, एक शाम्पूची व एक हातमोजा खळबळण्यासाठी स्वच्छ पाण्याची, एवढी सामग्री बहुतेक महागड्या बाटल्यांना मागे टाकते. पक्ष्यांची विष्ठा मात्र तत्काळ भिजवून काढावी. तिच्यातील आम्ल उन्हात झपाट्याने थर खाते.

वाहनकर्ज घेतलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च परत किती मिळतो? विम्यासाठी मोटारीचे मूल्य ठरविताना घट वयानुसार धरली जाते: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, आणि पाच वर्षांपर्यंत वाढत 50 टक्के. त्या कोष्टकात चकाकीचा रकाना नाही. जुन्या मोटारीचा खरेदीदार रंग पाहतो हे खरे. तथापि राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर आलेल्या निर्बंधांनी (2025 मध्ये त्यांत काही सूट मिळाली) नोंदणीच्या वर्षाला रंगापेक्षा अधिक वजन आणले आहे. सात वर्षांच्या डिझेल मोटारीवर पन्नास हजारांचे कोटिंग करून घेणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

संशय असल्यास परीक्षा घरीच करता येते. स्वच्छ धुतलेल्या बॉनेटच्या मध्यभागी चिकटपट्टी लावावी. एका बाजूस स्वस्त मेण, दुसऱ्या बाजूस महाग मेण, सारख्याच कापडाने व सारख्याच वेळात लावावे आणि पट्टी काढून टाकावी. महिनाभर नेहमीप्रमाणे वापर करून, धुऊन, दोन्ही भागांवर पाणी ओतावे. पट्टी कोठे होती हे शोधूनही सापडले नाही, तर पुढची डबी स्वस्तातली घ्यावी.