देवडीवरचा पहारेकरी

इंदूरच्या राजवाड्यासारख्या वाड्यात शिरावयाचे म्हणजे आधी देवडी ओलांडावी लागे, आणि देवडीवर पहारेकरी असे. कोणी परका आत गेला की काय, हे जाणण्यासाठी सारा वाडा धुंडाळण्याचे कारण नसे. पहारेकऱ्याला विचारले की पुरे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत आज हाच न्याय लावला जातो.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचेही जाळे असते. त्यांतून एक पातळ द्रव वाहतो. स्तनातील हा द्रव मुख्यत्वे काखेकडे जातो आणि तेथील वीस-तीस लहान ग्रंथी तो गाळून घेतात. कर्करोगाच्या पेशी पसरू लागल्या की बहुधा याच वाटेने त्या प्रथम काखेत पोचतात. म्हणून अमेरिकेतील शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालील स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सर्वच काढण्याचा परिपाठ घातला. पुढे स्तनावरील शस्त्रक्रिया लहान होत गेली. काख रिकामी करण्याची रीत मात्र दीर्घकाळ टिकली.

तिची किंमत हाताला मोजावी लागे. ग्रंथी गेल्या की द्रवाची वाट अडते. काहींचा हात सुजून जड होतो, खांदा आखडतो, दंडाची आतली बाजू बधिर होते. कणीक मळणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या, शेतात निंदणी करणाऱ्या किंवा फळ्यावर लिहिणाऱ्या स्त्रीला हे केवढे संकट! आणि रोग लवकर सापडलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या काखेत तो पोचलेलाही नसे.

यावर तोड निघाली ती अमेरिकेत. डॉ. क्रॅग यांनी १९९३ साली सौम्य किरणोत्सर्गी द्रव्याच्या, तर डॉ. जूलियानो यांनी १९९४ साली निळ्या रंगाच्या साहाय्याने काखेतील पहिली ग्रंथी हुडकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे द्रव्य गाठीजवळ किंवा स्तनाग्राभोवती टोचतात. ते लसिकेबरोबर वाहत जाऊन ज्या ग्रंथीत प्रथम शिरते, तीच पहारेकरी ग्रंथी. ती निळी दिसते, किंवा किरण मोजणारे यंत्र तिच्यावर धरताच वाजू लागते. अशा एक-दोन किंवा तीन ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्या निर्दोष निघाल्या तर उरलेल्या काखेला हात लावीत नाहीत.

पहारेकरी कधी फसत नाही काय? फसतो. ५,६०० हून अधिक स्त्रियांच्या एका अमेरिकी पाहणीत, काखेत रोग असलेल्या दर दहांपैकी सुमारे एकीच्या बाबतीत तो या तपासणीतून निसटला. तथापि, २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा, पहारेकरी ग्रंथी निर्दोष म्हणून काख राखलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात काही उणे आढळले नाही.

मग जेथे असे यंत्र नाही, तेथे काय करावे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शस्त्रवैद्यांनी काखेच्या फक्त खालच्या भागातील ग्रंथी काढून तपासण्याची रीत पहारेकरी-पद्धतीशी ताडून पाहिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही साधी रीतही तितकीच भरवशाची ठरली. आपल्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

परंतु या साऱ्याला एक अट आहे. रोग लवकर ध्यानात यावयास हवा. काखेत रोगट गाठी हाताला लागू लागल्यावर पहारेकऱ्याला विचारण्यात अर्थ उरत नाही. आपल्याकडे भगिनी संकोच करतात, घरच्यांचे आधी पाहतात, आणि गाठ दुखत नाही म्हणून स्वस्थ बसतात. पण ही गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही! प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती कोणती हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. माळव्यात, निमाडात, कोठेही असा. गाठ जाणवताच रुग्णालय गाठा. शस्त्रक्रियेचे ठरलेच, तर निःसंकोच विचारा, "माझी सारी काख काढणे जरूर आहे काय, की पहारेकरी ग्रंथी तपासून भागेल?" वेळेवर विचारलेला हा एक प्रश्न आयुष्यभराचा हात वाचवू शकतो.